कमोडोर १५४१ : दोषनिदान आणि दुरुस्ती

कमोडोर १५४१ हा कमोडोर ६४ या घरगुती संगणकाला बाहेरून जोडला जाणारा फ्लॉपी ड्राइव्ह आहे. कमोडोर इंटरनॅशनल या कंपनीने तो १९८२ साली बाजारात आणला. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या एकाच बाजूवर तो सुमारे १७० किलोबाइट माहिती साठवतो. १९९४ साली कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि अधिकृत दुरुस्तीसेवाही संपली. त्यामुळे आज वापरात असलेल्या १५४१ ड्राइव्हची देखभाल संग्राहक, हौशी तंत्रज्ञ आणि संगणक-संग्रहालये यांच्याकडेच आहे.

या ड्राइव्हमधील बिघाड शोधताना दोन गोष्टींना महत्त्व असते. दोष फ्लॉपी, केबल, संगणक आणि ड्राइव्ह या चौघांपैकी नेमका कोणात आहे, हे ड्राइव्ह उघडण्यापूर्वीच ठरवणे, ही पहिली. दुरुस्ती करताना फ्लॉपीवरील माहिती नष्ट होऊ न देणे, ही दुसरी. ड्राइव्हचे बहुतेक सुटे भाग आजही मिळू शकतात. पण एखाद्या फ्लॉपीवरील लेखन, चित्र किंवा आज्ञावली यांची दुसरी प्रत नसेल, तर ती एकदा गेल्यावर परत मिळत नाही.

रचना व कार्यपद्धती

१५४१ हा केवळ तबकडी फिरवणारा भाग नसून स्वतःच एक छोटा संगणक आहे. त्यात एक मेगाहर्ट्‌झ गतीचा ६५०२ हा प्रोसेसर, २ किलोबाइट रॅम, १६ किलोबाइट रॉम आणि ६५२२ क्रमांकाच्या दोन चिप आहेत. या दोनपैकी एक चिप संगणकाशी संवाद साधते, तर दुसरी मोटर व हेड यांवर नियंत्रण ठेवते. फ्लॉपीवरील फाइलींची सर्व व्यवस्था ड्राइव्हच्या रॉममधील आज्ञावली पाहते. संगणक फक्त मागणी नोंदवतो आणि उत्तराची वाट पाहतो. म्हणूनच संगणकाच्या पडद्यावर दिसणारा संदेश पुष्कळदा अपुरा असतो. बिघाडाचे खरे कारण ड्राइव्हकडेच विचारावे लागते.

फ्लॉपीवर ३५ वर्तुळाकार ट्रॅक असतात. शेजारच्या दोन ट्रॅकांच्या मध्यरेषांमधील अंतर सुमारे ०.५३ मिलिमीटर असते. बाहेरील ट्रॅक लांबीने मोठे असल्याने त्यांवर जास्त सेक्टर बसवले आहेत. १ ते १७ या ट्रॅकांवर प्रत्येकी २१, १८ ते २४ वर १९, २५ ते ३० वर १८ आणि ३१ ते ३५ वर १७ सेक्टर असतात. प्रत्येकी २५६ बाइटांचे असे एकूण ६८३ सेक्टर होतात. त्यांपैकी १८ वा ट्रॅक फाइलींची सूची आणि रिकाम्या जागेचा नकाशा यांसाठी राखीव असतो. म्हणून नव्या फ्लॉपीवर ६६४ ब्लॉक मोकळे दिसतात.

ड्राइव्ह व संगणक यांच्यात माहितीची देवाणघेवाण सहा पिनांच्या गोल जोडणीतून एकेक बिट अशी होते. तिचा वेग सेकंदाला साधारण ४०० बाइट इतकाच आहे. त्यामुळे ४० किलोबाइटची आज्ञावली भरण्यास पावणेदोन मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. हा मंदपणा मूळ रचनेतला आहे, बिघाडाचे लक्षण नाही.

चाचणीपूर्वीची दक्षता

चाचणी सुरू करण्यापूर्वी वीजपुरवठा पाहणे आवश्यक असते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या १५४१ चा वीजपुरवठा १२० व्होल्टसाठी आहे. भारतातील किंवा युरोपातील २३० व्होल्टच्या वीजजोडणीत तो थेट लावल्यास ड्राइव्हची हानी होते. ड्राइव्हच्या पाठीमागील पट्टीवर लिहिलेला व्होल्टेज आधी वाचावा लागतो. कमोडोर ६४ चा स्वतंत्र वीजपुरवठाही तपासणे हितावह असते. तो जुना झाल्यावर त्याच्या ५ व्होल्टच्या बाजूचा दाब वाढू शकतो आणि संगणकातील चिप जळू शकतात.

चाचणीसाठी महत्त्वाची किंवा एकमेव प्रत असलेली फ्लॉपी वापरू नये. हेडवर घाण किंवा खरखरीत थर असल्यास पहिल्याच वाचनात फ्लॉपीवरील चुंबकीय लेप खरवडला जाऊ शकतो. फ्लॉपी आत असताना ड्राइव्ह चालू वा बंद करणेही टाळले जाते. विजेच्या क्षणिक धक्क्याने त्या वेळी हेडखाली असलेला मजकूर बिघडू शकतो.

केबल जोडताना किंवा काढताना संगणक आणि ड्राइव्ह दोन्ही बंद असावे लागतात. चालू स्थितीत केबल हलवल्यास दोन्हीकडील चिप निकामी होऊ शकतात.

सुरू होतानाची लक्षणे

केबल काढून ठेवून आणि फ्लॉपी न घालता ड्राइव्ह एकटाच सुरू केल्यास त्याचे आरोग्य पुष्कळ अंशी कळते. निरोगी १५४१ मध्ये हिरवा दिवा लागतो, तांबडा दिवा क्षणभर पेटतो, मोटर थोडा वेळ फिरते आणि नंतर तांबडा दिवा विझून मोटर थांबते. यापेक्षा वेगळे काही घडल्यास त्याचा अर्थ पुढीलप्रमाणे लावला जातो.

- एकही दिवा लागत नाही : वीज येत नाही. विजेची वायर, बटण आणि पाठीमागचा फ्यूज आधी तपासावा.
- हिरवा दिवा लागतो, पण मोटर मुळीच फिरत नाही : १२ व्होल्टचा पुरवठा नसण्याची किंवा मोटरच बिघडल्याची शक्यता असते. चिप ५ व्होल्टवर चालतात, तर मोटरला १२ व्होल्ट लागतात.
- तांबडा दिवा विझत नाही आणि मोटर फिरतच राहते : प्रोसेसरला आपली आज्ञावली सुरू करता आलेली नसते. रॉम, प्रोसेसर, ६५२२ यांपैकी एखादी चिप किंवा ५ व्होल्टचा पुरवठा सदोष असू शकतो.
- तांबडा दिवा ठरावीक संख्येने पुन्हा पुन्हा लुकलुकतो : स्वयंचाचणीत रॅम किंवा रॉम सदोष आढळलेली असते.

सुरुवात निर्दोष झाल्यास ड्राइव्हचा प्रोसेसर, रॉम आणि वीजपुरवठा ठीक आहेत असे सामान्यतः मानता येते. मग शोध केबल, संगणक, फ्लॉपी आणि हेड यांच्याकडे वळवला जातो.

जोडणीतील दोष

पडद्यावर ‘डिव्हाइस नॉट प्रेझेंट’ असा संदेश आल्यास संगणकाच्या हाकेला ड्राइव्हने उत्तर दिलेले नसते. हा संदेश फ्लॉपीविषयी काहीच सांगत नाही. फ्लॉपी बदलून पाहण्यात अशा वेळी अर्थ नसतो.

प्रथम ड्राइव्हचा क्रमांक पाहिला जातो. मूळचा क्रमांक ८ असतो, पण आतील जोडबिंदू तोडून तो ९, १० किंवा ११ करता येतो. पूर्वीच्या मालकाने तसा बदल केलेला असल्यास ८ क्रमांकाची हाक व्यर्थ जाते. एकाच साखळीत समान क्रमांकाचे दोन ड्राइव्ह असले, तर दोघेही एकदम उत्तर देऊ पाहतात आणि संवाद बिघडतो.

त्यानंतर साखळीतील प्रिंटर आणि इतर उपकरणे काढून फक्त एक ड्राइव्ह व एक केबल ठेवली जाते. जोडलेले पण बंद असलेले उपकरणही संवादात अडथळा आणू शकते. संगणकात बसवलेली कार्ट्रिजही काढावी लागते, कारण वेग वाढवणाऱ्या कार्ट्रिज ड्राइव्हशी बोलण्याची पद्धतच बदलतात. १५४१ च्या मागे दोन समान सॉकेट असतात. एकात जोडून उपयोग न झाल्यास दुसऱ्यात जोडून पाहिल्याने सैल झालेली पिन उघडकीस येते.

दुसरी केबल वापरूनही संदेश तोच राहिल्यास दुसरा ड्राइव्ह याच संगणकाला किंवा हाच ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला जोडून पाहणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. दोष संगणकात असल्यास बहुधा ६५२६ क्रमांकाची चिप संशयित ठरते. ड्राइव्हमध्ये असल्यास जोडणी सांभाळणारी ६५२२ किंवा तिच्या शेजारची ७४०६ ही चिप तपासली जाते.

त्रुटी-वाहिनी

काम करताना तांबडा दिवा लुकलुकू लागला, म्हणजे ड्राइव्हने एखादी त्रुटी नोंदवून ठेवलेली असते. ती १५ क्रमांकाच्या वाहिनीवरून वाचता येते. त्यासाठीची बेसिक भाषेतील आज्ञावली येथे देवनागरीत दिली आहे. संगणकावर ती रोमन अक्षरांत टंकावी लागते.

१० ओपन १५, ८, १५
२० इनपुट# १५, ए, बी$, सी, डी
३० प्रिंट ए, बी$, सी, डी
४० क्लोज १५

उत्तरात चार गोष्टी मिळतात : त्रुटीचा क्रमांक, तिचे वर्णन, ट्रॅक आणि सेक्टर. ड्राइव्ह सुरू केल्याबरोबर ही आज्ञावली चालवल्यास ७३ हा क्रमांक व ड्राइव्हच्या आज्ञावलीची आवृत्ती मिळते. ती त्रुटी नव्हे. ड्राइव्ह व संगणक यांचा संवाद सुरळीत असल्याचा तो पुरावा आहे.

नेहमी आढळणारे क्रमांक असे :

- २० : सेक्टरचा शीर्षभाग सापडला नाही.
- २१ : ट्रॅकवर समकालन-खूण सापडली नाही. फ्लॉपी नसणे, ती फॉरमॅट केलेली नसणे किंवा हेडची जुळणी ढळलेली असणे, ही कारणे संभवतात.
- २२ : शीर्षभाग सापडला, पण त्यामागचा मजकूर सापडला नाही.
- २३ : मजकूर वाचला, पण पडताळणीची बेरीज जुळली नाही.
- २६ : फ्लॉपीला लेखनबंदी आहे.
- २७ : शीर्षभागाची बेरीज जुळली नाही.
- २९ : फ्लॉपीची ओळखअक्षरे जुळली नाहीत.
- ६२ : त्या नावाची फाइल नाही.
- ७२ : फ्लॉपी भरली आहे.
- ७४ : ड्राइव्ह तयार नाही.

२० ते २९ या क्रमांकांचा संबंध वाचन-लेखनाशी आहे, तर ६० च्या पुढील क्रमांक बहुतांशी फाइल व आज्ञा यांच्याविषयी असतात. ६२ हा क्रमांक आल्यावर ड्राइव्ह उघडण्याची गरज नसते. फाइलीचे नाव नीट टंकले आहे का, एवढेच पाहावे लागते. वाचनाच्या त्रुटींत ट्रॅक-क्रमांकांकडे लक्ष दिल्यास अधिक उलगडा होतो. त्रुटी एकाच फ्लॉपीच्या एकाच ट्रॅकवर येत असेल, तर दोष फ्लॉपीत असतो. अनेक फ्लॉपींवर सगळीकडे येत असेल, तर ड्राइव्हकडे पाहावे लागते.

फ्लॉपीचे दोष

दमट हवेत ठेवलेल्या फ्लॉपीवर बुरशी धरते. मधल्या लांबट खिडकीतून पाहिल्यास पांढुरके डाग किंवा जाळीसारखा थर दिसतो. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातल्यास तिचा लेप खरवडतो, हेड माखते आणि त्यानंतर घातलेली चांगली फ्लॉपीही धोक्यात येते. तबकडीवर वर्तुळाकार चकचकीत ओरखडा दिसल्यास त्या ठिकाणचा लेप आणि त्यासोबतची माहिती गेलेली असते.

१५४१ साठी डबल डेन्सिटी प्रकारच्या फ्लॉपी लागतात. पुढील काळातील १.२ मेगाबाइट क्षमतेच्या हाय डेन्सिटी फ्लॉपी दिसायला सारख्याच असल्या, तरी त्यांच्या लेपाला लिहिण्यासाठी अधिक तीव्र चुंबकीय क्षेत्र लागते. त्यांवर १५४१ ने केलेले लेखन भरवशाचे नसते.

लेखनबंदीची खाच चिकटपट्टीने झाकली असता फ्लॉपीवर लिहिता येत नाही. जुनी फ्लॉपी तपासण्यापूर्वी ही खाच झाकण्याची पद्धत आहे, कारण चुकीच्या आज्ञेपासून तिने माहितीचे रक्षण होते.

हेडची स्वच्छता

वाचनाच्या त्रुटींचे सर्वांत साधे कारण म्हणजे हेडवर साचलेला लेपाचा चुरा. ड्राइव्ह उघडण्यापूर्वी विजेची वायर भिंतीवरून काढावी लागते. मूळ १५४१ चा ट्रान्सफॉर्मर पेटीच्या आतच असल्याने आत घरगुती वीज खेळते. ही जाणीव नसेल, तर काम जाणकाराकडे सोपवणे योग्य ठरते.

हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने हलक्या हाताने पुसले जाते. ते पूर्ण वाळल्याखेरीज फ्लॉपी घालू नये. १५४१ ला एकच हेड असते आणि त्याच्यासमोर फ्लॉपीला दाबून धरणारी नमद्याची छोटी गादी असते. गादी झिजली किंवा गळून पडली, तर हेड स्वच्छ असूनही वाचन अधूनमधून चुकते. गादीचा दांडा प्रमाणाबाहेर उचलल्यास त्याची स्प्रिंग वाकते.

हेड ज्या दोन दांड्यांवरून सरकते, त्यांवरील जुने ग्रीस काळानुसार घट्ट होते. ते पुसून यंत्रतेलाचा अगदी पातळ थर दिल्यावर अडलेले हेड पुन्हा मोकळे होऊ शकते. तेल हेडवर, पट्ट्यावर किंवा फ्लॉपीवर जाता कामा नये.

फिरण्याचा वेग

फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे, म्हणजे सेकंदाला ५ फेरे घेते. वेग ढळल्यास वाचन चुकते. त्याहून मोठे नुकसान असे की त्या काळात लिहिलेल्या फ्लॉपी इतर ड्राइव्हवर नीट वाचल्या जात नाहीत. पट्ट्यावर चालणाऱ्या ड्राइव्हमध्ये पट्टा सैल पडणे हे याचे नेहमीचे कारण असते. ड्राइव्हच्या तळाशी असलेल्या चाकावर ५० व ६० हर्ट्‌झसाठी खुणांची वलये असतात. विजेच्या वारंवारतेनुसार लुकलुकणाऱ्या दिव्याखाली योग्य वलयातील खुणा स्थिर दिसल्या, तर वेग बरोबर असतो. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ असल्याने त्या वलयाकडे पाहावे लागते. आजचे अनेक एलईडी दिवे अशा रीतीने लुकलुकत नाहीत, म्हणून त्यांच्या प्रकाशात ही परीक्षा फसते. अशा वेळी वेग मोजणाऱ्या आज्ञावलीचा उपयोग होतो.

हेडची जुळणी

जुळणी ढळणे हा १५४१ चा सर्वांत कुप्रसिद्ध दोष आहे. मूळ १५४१ मध्ये हेड पहिल्या ट्रॅकवर पोहोचले हे सांगणारा संवेदक नाही. ठिकाण चुकल्यावर किंवा फॉरमॅट करताना ड्राइव्ह हेडला बाहेरच्या दिशेने गरजेपेक्षा अधिक पावले ढकलतो, म्हणजे ते अडथळ्यावर आदळून निश्चित जागी येते. फॉरमॅटच्या आरंभी येणारा खडखडाट तो हाच. एखाद्या वेळचा आवाज नैसर्गिक आहे. मात्र काही खेळांच्या फ्लॉपींवर नक्कल रोखण्यासाठी मुद्दाम त्रुटी पेरलेल्या असत. त्या वाचताना हेड वारंवार आपटे. असे आघात आणि आतील उष्णता यांमुळे हेड सरकवणाऱ्या मोटरच्या दांड्यावरील चकती आपल्या जागेवरून घसरू शकते.

या दोषाची खूण फसवी असते. जुळणी ढळलेला ड्राइव्ह स्वतः लिहिलेल्या फ्लॉपी बिनचूक वाचतो, कारण त्या त्याच्याच चुकलेल्या रेषेवर लिहिलेल्या असतात. इतरांच्या किंवा विकत घेतलेल्या फ्लॉपी मात्र तो वाचत नाही. यावरून दोन नियम निघतात. पहिला असा की जुळणी त्याच ड्राइव्हवर फॉरमॅट केलेल्या फ्लॉपीच्या आधारे करता येत नाही. त्यासाठी जुळणीची प्रमाण फ्लॉपी, किंवा निदान कारखान्यात लिहिलेल्या अनेक फ्लॉपी लागतात. दुसरा नियम अधिक महत्त्वाचा आहे. जुळणीला हात लावण्यापूर्वी त्या ड्राइव्हवर लिहिलेल्या सर्व फ्लॉपींच्या प्रती काढून घ्याव्या लागतात. हेड योग्य रेषेवर आणल्यावर जुन्या, चुकलेल्या रेषेवरचा मजकूर दुरुस्त ड्राइव्हलाही वाचता येईलच असे नाही. ड्राइव्ह सुधारला आणि माहिती गेली, असा उलटा परिणाम त्यामुळे होतो.

प्रत्यक्ष जुळणीत हेडच्या मोटरचे दोन स्क्रू सैल करून मोटर किंचित फिरवली जाते. मूळच्या जागेवर आधी बारीक खूण करून ठेवल्यास प्रयत्न फसला तरी मागे येता येते. स्वच्छता आणि वेग तपासल्याशिवाय जुळणी करू नये, कारण मळलेले हेड व ढळलेली जुळणी यांची लक्षणे सारखी दिसतात.

उष्णता आणि वीजपुरवठा

ड्राइव्ह सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे नीट चालतो आणि नंतर चुका करू लागतो, अशी तक्रार असल्यास उष्णतेकडे लक्ष जाते. ५ आणि १२ व्होल्टचे नियंत्रक आतच असल्यामुळे मूळ १५४१ पुष्कळ तापतो. वरच्या झडपा झाकल्या जाऊ नयेत आणि ड्राइव्हवर दुसरी वस्तू ठेवू नये. तापल्यानंतर व्होल्टेज मोजल्यास थंड असताना लपलेला दोष उघड होतो. पुढे आलेल्या १५४१-२ या आवृत्तीत वीजपुरवठा पेटीबाहेर काढण्यात आला आणि उष्णतेची अडचण कमी झाली.

आज्ञावलीमुळे भासणारे दोष

काही वेळा यंत्र निर्दोष असूनही फाइली बिघडतात. जुनी फाइल पुसून त्याच नावाने नवी साठवण्याची ‘सेव्ह’ची सोय १५४१ च्या आज्ञावलीतील चुकीमुळे कधी कधी दुसऱ्या फाइलींची नासाडी करते. म्हणून नव्या नावाने साठवून नंतर जुनी फाइल काढणे सुरक्षित मानले जाते.

सूचीत एखाद्या फाइलीपुढे तारांकित खूण दिसल्यास ती फाइल नीट बंद झालेली नसते. ती नेहमीच्या आज्ञेने पुसल्यास रिकाम्या जागेचा नकाशा चुकू शकतो. अशा फाइलीतील मजकूर नको असल्यास ‘व्हॅलिडेट’ ही आज्ञा वापरली जाते. एकाहून अधिक फ्लॉपींना समान ओळखअक्षरे दिलेली असल्यास फ्लॉपी बदलल्याचे ड्राइव्हच्या लक्षात येत नाही आणि एकीचा नकाशा दुसरीवर लिहिला जाऊ शकतो. प्रत्येक फ्लॉपीला वेगळी अक्षरे देणे हा त्यावरचा उपाय आहे.

माहितीचे जतन

१५४१ ची लेखनपद्धती आयबीएम-सुसंगत संगणकांच्या फ्लॉपी-नियंत्रकापेक्षा वेगळी असल्याने अशा संगणकाचा साधा सव्वापाच इंची ड्राइव्ह या फ्लॉपी थेट वाचू शकत नाही. झूमफ्लॉपीसारख्या जोडणीने १५४१ आजच्या संगणकाला यूएसबीमार्गे जोडता येतो आणि संपूर्ण फ्लॉपीची प्रतिमा-फाइल करता येते. ३५ ट्रॅकांच्या अशा फाइलीचा आकार १,७४,८४८ बाइट, म्हणजे ६८३ सेक्टरांइतका असतो. ती अनुकरण-आज्ञावलीत किंवा मेमरी कार्डवरून चालणाऱ्या पर्यायी ड्राइव्हमध्ये वापरता येते.

एखादा सेक्टर वाचला जात नसल्यास हेड पुन्हा स्वच्छ करून किंवा दुसऱ्या ड्राइव्हवर तीच फ्लॉपी वाचून पाहिली जाते. एका ड्राइव्हला न वाचता आलेला सेक्टर दुसऱ्याला वाचता येणे अशक्य नसते. मात्र खराब फ्लॉपीवर सतत वाचनाचा प्रयत्न करत राहिल्यास लेप आणखी झिजतो. पहिल्या यशस्वी वाचनातच पूर्ण प्रत काढून मूळ फ्लॉपी कोरड्या, थंड आणि चुंबकांपासून दूर अशा जागी उभी ठेवावी.